मीठ बंद करायचे आणि आयोडीनच घ्यायचे: एका कॅप्सूलमधला अणू

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्तीच्या आईंची थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झाली असून डॉक्टरांनी त्यांना किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल घेण्यास सांगितले आहे. त्याआधी दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ बंद ठेवायचे आहे. घरातल्या आठवीतल्या भाच्याने विचारले की, जे बंद करायचे तेच पुन्हा द्यायचे कशाला? कागदावर एके ठिकाणी ‘आयोडीन-१३१’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सोडियम आयोडाइड’ असे लिहिलेले पाहून त्याने पुढचा प्रश्न टाकला, की समस्थानिक म्हणजेच आयन का? बारावीपर्यंत विज्ञान शिकूनही आपल्याला नीट उत्तर देता आले नाही, असे त्या लिहितात.

मी गेली बावीस वर्षे न्यूक्लिअर मेडिसिन विभागात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे, आणि ही कॅप्सूल माझ्या हातून, खरे म्हणजे माझ्या चिमट्यातून, रोज जाते. तेव्हा आधी जे माझ्या अखत्यारीत नाही ते सांगून टाकतो. मात्रा किती द्यायची, मीठ किती दिवस बंद ठेवायचे, घरी आल्यावर लहान मुलांपासून किती दिवस अंतर राखायचे, हे सर्व आजारावर आणि रुग्णावर अवलंबून असते. थायरॉइडच्या कर्करोगाच्या उपचारात आयोडीनचे पथ्य फार काटेकोर असते; अतिसक्रिय ग्रंथीसाठी काही केंद्रे ते सौम्य ठेवतात. याबाबत तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम माना. मी फक्त अणूविषयी बोलणार आहे, पण भाच्याचे दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात.

माझ्या मते मुळातली अडचण व्याख्या विसरल्याची नाही. शाळेत प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन हे तीन कण एका तक्त्यात शिकवले जातात: प्रभार काय, वस्तुमान किती, स्थान कुठे. तक्ता पाठ होतो. पण यांपैकी कोणत्या कणाच्या संख्येने काय ठरते, हा प्रश्न तक्त्याखाली लिहिलेला नसतो. मग समस्थानिक आणि आयन या दोन्ही ठिकाणी ‘कणांची संख्या बदलते’ एवढेच डोक्यात राहते आणि दोन्ही गोष्टी एकसारख्या वाटू लागतात. वास्तविक त्या अणूच्या दोन अगदी वेगळ्या भागांत घडतात, आणि त्या भागांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. हा संबंध नसण्यावरच तुमच्या आईंचा उपचार उभा आहे.

आता कॅप्सूल जवळून पाहू. ती शिशाच्या जाड भांड्यात येते. भांडे मुठीएवढे असते, पण बेसावधपणे उचलले तर मनगटाला कळते. आत प्लॅस्टिकच्या कुपीत सर्दीच्या औषधासारखी दिसणारी एक साधी जिलेटिनची कॅप्सूल असते. लेबलवर मात्रा लिहिलेली असते आणि तिच्याजवळ तारीख व वेळ, कारण तारखेशिवाय त्या आकड्याला काही अर्थच नसतो. लांब चिमट्याने कुपी उचलून मी ती मोजणी-यंत्राच्या विहिरीसारख्या खोलगट भागात सोडतो, आकडा लेबलशी ताडून पाहतो आणि मग रुग्णाला बोलावतो. जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, “एवढीच?” हो, एवढीच, आणि त्या एवढ्याशातही औषध जवळजवळ नसतेच, बाकी सगळे भरण असते. किती नसते, ते पुढे हिशेब करून दाखवतो.

कॅप्सूलमधला पदार्थ म्हणजे सोडियम आयोडाइड. त्यातल्या आयोडीनच्या एका अणूच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७८ न्यूट्रॉन असतात. दोहोंची बेरीज १३१. नावापुढचा आकडा तो हाच; याला वस्तुमानांक म्हणतात. मिठातल्या आयोडीनच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात, म्हणून ते आयोडीन-१२७. निसर्गात स्थिर असे आयोडीन या एकाच प्रकारचे आहे. दोघांतली सामाईक संख्या ५३ ही आहे, आणि ‘हे आयोडीन आहे’ असे म्हणण्याचा अधिकार फक्त तिलाच आहे.

हे इतके ठामपणे सांगण्यामागे जुनी गोष्ट आहे आणि योगायोगाने ती आयोडीनचीच आहे. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची मांडणी अणुभाराच्या चढत्या क्रमाने केली, तेव्हा टेल्युरियम आणि आयोडीन यांच्यापाशी ती अडली. टेल्युरियमचा अणुभार सुमारे १२७.६ आणि आयोडीनचा सुमारे १२६.९, म्हणजे भाराने पाहिले तर आयोडीन आधी यायला हवे. पण आयोडीनचे गुणधर्म क्लोरीन-ब्रोमीनच्या कुळातले. त्याला त्याच रांगेत बसवायचे तर टेल्युरियम आधी घेणे भाग होते. मेंडेलीव्हने गुणधर्मांची बाजू घेतली आणि टेल्युरियमचा अणुभार मोजण्यात चूक झाली असावी असे मानले. चूक मोजण्यात नव्हती. १९१३ मध्ये मोझलीने मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांवरून दाखवून दिले की, खरा क्रम भाराचा नसून केंद्रकातील धन प्रभाराचा आहे; टेल्युरियम ५२ आणि आयोडीन ५३. मग टेल्युरियम जड कसे? तर नैसर्गिक टेल्युरियमच्या अनेक समस्थानिकांपैकी (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमीजास्त असे प्रकार) १२८ आणि १३० वस्तुमानांकाच्या जड समस्थानिकांचेच प्रमाण सर्वांत जास्त आहे, म्हणून त्याची सरासरी वर जाते. न्यूट्रॉनचा शोध लागण्यास तेव्हा अजून १९ वर्षे होती. तो चॅडविकने १९३२ मध्ये लावला. ‘समस्थानिक’ ही कल्पना मात्र सॉडीने १९१३ मध्येच मांडली होती, आणि आपला मराठी शब्द तिचा अर्थ अचूक सांगतो: तक्त्यात ज्यांचे स्थान समान आहे ते.

आता इलेक्ट्रॉनांकडे येऊ. साध्या, उदासीन आयोडीन अणूत प्रोटॉनांइतकेच, म्हणजे ५३ इलेक्ट्रॉन असतात आणि ते २, ८, १८, १८, ७ असे कवचांत वाटलेले असतात. शेवटच्या कवचात सात; आठ व्हायला एक कमी. आयोडीनला हा एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचे इलेक्ट्रॉन ५४ होतात, प्रोटॉन मात्र ५३ च राहतात, आणि अणूवर एक ऋण प्रभार उरतो. हाच आयोडाइड आयन. सोडियमचे उलट असते: ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन, त्यातला बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सहज सुटतो आणि १० इलेक्ट्रॉनांचा धन आयन उरतो. कॅप्सूलमधल्या एका जोडीचा ताळा करून पाहण्यास भाच्याला सांगा: प्रोटॉन ११ आणि ५३ मिळून ६४, इलेक्ट्रॉन १० आणि ५४ मिळून ६४. जोडी उदासीन, पण जोडीतला प्रत्येक जण प्रभारित.

या साऱ्या देवाणघेवाणीत केंद्रकाला धक्काही लागत नाही. याचे कारण अंतर. आयोडीनचे केंद्रक हरभऱ्याच्या दाण्याएवढे कल्पिले, तर त्याच प्रमाणात अणूचा व्यास पावणेदोनशे ते दोनशे मीटर होईल. क्रिकेटचे मोठे मैदान त्यात सहज मावेल. शिवाय वजनाचा तोल पाहा. एक प्रोटॉन सुमारे १,८३६ इलेक्ट्रॉनांच्या वजनाचा असतो आणि न्यूट्रॉन त्याहून किंचित जड. आयोडीनच्या ५३ इलेक्ट्रॉनांचे एकत्र वजन केले, तरी ते अणूच्या वजनाचा साधारण साडेचार हजारावा भाग भरते. म्हणजे वजन सारे हरभऱ्यात, आणि व्यवहार सारा मैदानाच्या कुंपणाशी. रासायनिक क्रिया कुंपणावर होतात. हरभऱ्यात चार न्यूट्रॉन जास्त आहेत की कमी, हे कुंपणापाशी उभ्या असलेल्या कोणालाही कळत नाही. न्यूट्रॉनवर प्रभार नसल्यामुळे इलेक्ट्रॉनांना जखडून ठेवणाऱ्या ओढीतही त्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

तेव्हा भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: समस्थानिक ही केंद्रकाची गोष्ट आहे, आयन ही कुंपणाची. आयोडीन-१३१ हा समस्थानिक आहे आणि कॅप्सूलमध्ये तो आयनाच्या रूपात आहे. मिठातले आयोडीन-१२७ सुद्धा पोटात गेल्यावर आयोडाइड आयनच होते. दोन्ही विशेषणे एकाच अणूला एकाच वेळी लागू शकतात, जसे एखादा माणूस कोल्हापूरचाही असतो आणि डावखुराही असतो.

थायरॉइड ग्रंथी यातले काय पाहते? तिच्या पेशींच्या पटलावर एक प्रथिन असते, ज्याला सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर म्हणतात. ते दोन सोडियम आयनांच्या जोडीने एक आयोडाइड आयन रक्तातून आत ओढते, आणि ग्रंथीत आयोडाइडचे प्रमाण रक्ताच्या वीस ते चाळीस पट होईपर्यंत ओढत राहते. या दाराशी तपासणी होते ती प्रभाराची आणि आकाराची. ही तपासणी किती वरवरची आहे, हे आम्ही रोज पाहतो. थायरॉइडचे चित्र काढण्यासाठी आम्ही पुष्कळदा परटेक्नेटेट वापरतो. हा टेक्नेशियमचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार अणू मिळून झालेला आयन आहे; टेक्नेशियमच्या केंद्रकात ४३ प्रोटॉन असतात, म्हणजे त्याचा आयोडीनशी नात्याने काहीही संबंध नाही. पण आयनावर एक ऋण प्रभार आहे आणि आकार आयोडाइडच्या जवळपास आहे, एवढ्या भांडवलावर त्याला दारातून आत घेतले जाते. आत गेल्यावर त्याचे पितळ उघडे पडते, कारण आतल्या विकरांना आयोडाइड हवे असते. ते आयोडाइड प्रथिनातल्या टायरोसीन या अमिनो आम्लाला जोडून चार आयोडीनचे टी-४ आणि तीन आयोडीनचे टी-३ ही संप्रेरके घडवतात. परटेक्नेटेट कशालाच जोडता येत नाही, म्हणून ते काही काळाने बाहेर पडते.

जी ग्रंथी टेक्नेशियमला आयोडीन समजून दार उघडते, ती आयोडीनच्या दोन समस्थानिकांत भेद करील अशी अपेक्षाच नको. आयोडीन-१३१ तर दाराशी अडत नाही आणि आतही अडत नाही. ते संप्रेरकात जोडले जाते आणि ग्रंथीतच राहते. उपचार शक्य होतो तो शरीराला न्यूट्रॉन मोजता येत नाहीत म्हणून. ते मोजता आले असते, तर ही कॅप्सूल कधीच निकामी ठरली असती.

इथे एक अपवाद मान्य करायला हवा, कारण ‘समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात’ हे वाक्य सरसकट खरे नाही. हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो. त्यात एक न्यूट्रॉन आला की वजन दुप्पट होते आणि तो ड्यूटेरियम होतो. दुपटीचा फरक लपत नाही. ड्यूटेरियमचे जड पाणी ० ऐवजी ३.८ अंश सेल्सिअसला गोठते, आणि प्राण्यांच्या शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा जड पाण्याने बदलला तर पेशींचे काम बिघडते. आयोडीनच्या बाबतीत १२७ आणि १३१ यांत वजनाचा फरक जेमतेम तीन टक्क्यांचा आहे. एवढा फरक नाजूक उपकरणाला कळतो, पण ग्रंथीला कळत नाही.

आता केंद्रकात शिरू; मला स्वतःला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. पाठ्यपुस्तकातून असा समज होतो की, न्यूट्रॉन जितके जास्त तितके केंद्रक अस्थिर. आयोडीनची रांग पाहिली तर हा समज टिकत नाही. स्थिर आयोडीन-१२७ पेक्षा एक न्यूट्रॉन जास्त असलेल्या आयोडीन-१२८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या अणूंच्या केंद्रकांचा क्षय होऊन ती बदलून जायला लागणारा वेळ, अवघे २५ मिनिटांचे आहे. दोन जास्त असलेल्या आयोडीन-१२९ चे सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षे. तीन जास्त असले की पुन्हा साडेबारा तासांच्या आत, आणि चार जास्त असले की आठ दिवस. या चढउतारामागे एक ठळक कारण आहे: केंद्रकात न्यूट्रॉन जोडीजोडीने राहिले तर बांधणी अधिक घट्ट होते. १२८ मध्ये ७५ आणि १३० मध्ये ७७ न्यूट्रॉन, म्हणजे एकेक बिनजोडीचा. १२९ मध्ये ७६ आणि १३१ मध्ये ७८, म्हणजे साऱ्यांच्या जोड्या पूर्ण. न्यूट्रॉन कमी पडले तरीही केंद्रक अस्थिर होतेच. चित्र काढण्यासाठी वापरले जाणारे आयोडीन-१२३ याच बाजूचे. त्याचे केंद्रक स्वतःच्याच आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन गिळते, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि सुमारे १३ तासांच्या अर्धायुष्याने त्याचे टेल्युरियम बनत जाते.

उपचारासाठी आठ दिवसांचे अर्धायुष्य सोयीचे ठरते: अणुभट्टीतून रुग्णालयापर्यंत माल पोहोचायला पुरेसा वेळ, आणि रुग्णाच्या शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळण्याची भीती नाही. हे आयोडीन बनवतातही टेल्युरियमपासूनच. ५२ प्रोटॉन आणि ७८ न्यूट्रॉन असलेल्या टेल्युरियम-१३० ला अणुभट्टीत एक न्यूट्रॉन बसला की ते १३१ होते, आणि २५ मिनिटांच्या अर्धायुष्याने त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन आयोडीन-१३१ मिळते. मेंडेलीव्हला अडवणारे ते दोन शेजारी इथे एकमेकांत रूपांतर पावतात. आपल्याकडे अशा समस्थानिकांच्या निर्मितीत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीचा मोठा वाटा आहे, आणि त्यांचा पुरवठा वाशी येथील ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था करते. आयोडीन-१३१ प्रथम ओळखले गेले १९३८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे, सीबोर्ग आणि लिव्हिंगूड यांच्या हातून. पुढे सीबोर्गच्या स्वतःच्या आईवर याच समस्थानिकाने उपचार झाले. तुमच्या आईंना ही हकिकत जरूर सांगा.

आयोडीन-१३१ च्या केंद्रकात घडते तेही न्यूट्रॉनचा प्रोटॉन होणे, आणि त्या क्षणी एक इलेक्ट्रॉन जोराने बाहेर फेकला जातो. यालाच बीटा कण म्हणतात. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, कारण केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतो असे त्यांना शिकवलेले असते. ते बरोबरच आहे: हा इलेक्ट्रॉन आधी केंद्रकात दडून बसलेला नसतो, तो त्याच क्षणी निर्माण होतो, आणि कवचातल्या ५४ इलेक्ट्रॉनांपैकी तो एकही नसतो. ऊतीत तो जास्तीत जास्त दोन मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणून त्याचा बहुतेक सारा मारा ग्रंथीतच होतो. सोबत ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात, ते मात्र शरीराबाहेर येतात. आम्ही बाहेरून मोजणी करू शकतो ती त्यांच्यामुळे, आणि घरच्यांना अंतर राखायला सांगतो तेही त्यांच्यामुळेच.

‘आयन’ हा शब्द या जागी दुसऱ्यांदा येतो आणि गोंधळ वाढवतो. अशा किरणांना आयनीकारक किरण म्हणतात, कारण वाटेत भेटणाऱ्या अणूंचे इलेक्ट्रॉन ते उडवून देतात आणि त्या अणूंचे आयन होतात. पेशींचे नुकसान होते ते या उडवाउडवीमुळे, विशेषतः पेशीतले पाणी आणि डीएनए यांच्यावरील परिणामांमुळे. कॅप्सूलमधला आयोडाइड आयन स्वतः निरुपद्रवी आहे. तसे आयन तुमच्या-माझ्या रक्तात या क्षणीही फिरत आहेत. एक आयन शांतपणे इलेक्ट्रॉन स्वीकारून झालेला असतो, दुसरा मार खाऊन.

आता पहिला प्रश्न: मीठ बंद का? यासाठी कबूल केलेला हिशेब करतो. समजा मात्रा ३७० मेगाबेकरेल आहे, म्हणजे जुन्या मापात १० मिलिक्युरी. याचा अर्थ दर सेकंदाला ३७ कोटी केंद्रकांचा क्षय होतो. आठ दिवसांच्या अर्धायुष्यावरून काढले, तर दर दहा लाख अणूंपैकी साधारण एक अणू दर सेकंदाला क्षय पावतो. म्हणजे एकूण अणू झाले सुमारे ३७० लाख कोटी. आकडा अवाढव्य दिसतो, पण तेवढ्या आयोडीन-१३१ चे वजन भरते अवघे ०.०८ मायक्रोग्रॅम.

हे आता मिठाशेजारी ठेवून पाहा. आपल्याकडच्या नियमानुसार ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. अर्ध्या ग्रॅमची चिमूट, म्हणजे उकडलेल्या अंड्यावर आपण भुरभुरवतो तेवढी, घेतली तर तिच्यात साडेसात मायक्रोग्रॅम आयोडीन झाले. एका चिमटीतले साधे अणू कॅप्सूलमधल्या किरणोत्सारी अणूंच्या जवळजवळ शंभरपट! ग्रंथी दोघांत भेद करीत नाही, त्यामुळे दाराशी रांग लागली की ज्यांची संख्या जास्त तेच जास्त आत जाणार. ग्रंथीची गरज दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅमची. ती मिठाने आणि मासळीने आधीच भागलेली असेल तर कॅप्सूलमधले अणू रक्तातून मूत्रपिंडाकडे आणि तिथून बाहेर जातील. दोन आठवड्यांचे पथ्य म्हणजे ही रांग ओसरू देणे. शरीरभेदानुसार ती कमीजास्त वेळात ओसरते, म्हणून केंद्रांच्या सूचनांत फरक दिसतो.

मिठातले आयोडीन पोटॅशियम आयोडेटच्या रूपात असते. आयोडाइड घातले तर आपल्या दमट हवेत ते हळूहळू मूळ आयोडीन होऊन उडून जाते. आयोडेट टिकते, आणि पोटात गेल्यावर त्याचे आयोडाइड होते. तेव्हा ‘आयोडेट वेगळे, ते चालेल’ अशी पळवाट काढू नका. सैंधव वापरणार असाल तर पाकिटावरचे लेबल वाचा, कारण आयोडीन घातलेले सैंधवही बाजारात मिळते. कोकणातल्या रुग्णांना मी सुकट, जवळा आणि सोडे यांची वेगळी आठवण करून देतो. नुसते ‘मासे बंद’ म्हटले की चटणीतला जवळा माशांत मोजला जात नाही, हा माझा अनुभव आहे.

यातून एक प्रसंग आठवतो. एका गृहस्थांची ग्रंथी आयोडीन किती उचलते याची तपासणी होती. अल्प मात्रा देऊन चोवीस तासांनी मानेसमोर मोजणी-यंत्र धरतात आणि तुलनेसाठी मांडीवरही एक मोजणी घेतात. त्यांची ग्रंथी अतिसक्रिय होती, म्हणजे मानेवरचा आकडा चांगलाच वर जायला हवा होता. तो मांडीच्या आकड्याहून जेमतेम वर होता. मीठ बंद होते, मासे ते खात नव्हते. बराच वेळ विचारपूस केल्यावर त्यांनी पोट दुखत होते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या गावी केलेल्या सीटी स्कॅनचा उल्लेख केला, आणि तोही त्यात ‘औषध’ काही दिले नव्हते, फक्त शिरेतून ‘रंग’ दिला होता, असे सांगून. त्या रंगाच्या एका इंजेक्शनात ग्रॅमच्या मापात आयोडीन असते, आणि शरीरात त्यातला अल्प अंश जरी सुटा झाला तरी ग्रंथीला तो अनेक दिवस पुरतो. उपचार काही आठवडे पुढे ढकलावा लागला. तुमच्या आईंचा अलीकडे असा स्कॅन झाला असेल, किंवा त्या अमिओडॅरोन हे हृदयाचे औषध घेत असतील, ज्याच्या रेणूत आयोडीनचे दोन अणू आहेत, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हीच युक्ती उलटीही वापरली जाते. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात आयोडीन-१३१ हवेत पसरले, तेव्हा पोलंडमध्ये सुमारे एक कोटी मुलांना साध्या आयोडीनचे द्रावण पाजण्यात आले. तिथे ग्रंथी आधीच भरून टाकायची होती, म्हणजे किरणोत्सारी अणूंना दाराशी जागा मिळू नये. तुमच्या आईंच्या बाबतीत ती रिकामी ठेवायची आहे.

भाचा बहुधा शेवटी विचारील की, क्षय पावलेल्या अणूचे पुढे काय होते. त्याला कागदावर मोजू द्या. कॅप्सूलमधल्या आयोडाइड आयनात ५३ प्रोटॉन, ७८ न्यूट्रॉन आणि ५४ इलेक्ट्रॉन. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला: आता प्रोटॉन ५४, न्यूट्रॉन ७७. नाव बदलले, हा झेनॉन. बेरीज अजूनही १३१. बीटा कण दूर निघून गेला, आणि कवचांत आधीपासून असलेले ५४ इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा तिथेच राहिले. ५४ प्रोटॉनांना ५४ इलेक्ट्रॉन, म्हणजे कोणाकडून काही न घेता आणि कोणाला काही न देता तो आयन उदासीन अणू झाला, तोही पूर्ण भरलेल्या बाह्य कवचाचा. ग्रंथीत प्रथिनाला जोडलेल्या आयोडीनचे एवढे सरळ होत नाही, तिथे आधी बंध तुटतो; पण शेवटी उरतो तो झेनॉनच. तो कशाशी संयोग करीत नाही, रक्तात विरघळून फुफ्फुसांपर्यंत जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.